चौथा लागला की डबा बंद

माझ्या कामाचं नाव यवतमाळात फार थोड्या लोकांना माहीत आहे. स्कूटीच्या मागे दोन क्रेट, क्रेटात पांढरे डबे, आणि सकाळी सहाला गल्लीत हजर. त्यामुळे निम्म्या गावाला मी फिनाईलवाली वाटते. एकदा चौकात एका मास्तरांनी मला हात दाखवून थांबवलं. म्हणाले, "मागच्या वेळचं फार पातळ होतं हो बाई, या वेळी घट्ट द्या." मी म्हटलं, "सर, आजचं संपलं." मागे बारा डबे काठोकाठ भरलेले होते.

त्या डब्यांत लघवी असते. पोटुशी बायकांची, आणि तीही सुरुवातीच्या तीन महिन्यांतलीच. एका औषध कंपनीसाठी मी ती घरोघरून गोळा करते आणि केंद्रावर पोचवते. तिथून ती मोठ्या टाक्यांतून कारखान्यात जाते. टाकीभर लघवीतून तिथे चिमूटभर पूड निघते आणि त्या पुडीची इंजेक्शनं होतात. ज्या बाईच्या अंगात बीज तयार होतं पण सुटत नाही, तिला ते इंजेक्शन देतात.

हे ऐकून काही जण नाक मुरडतात. घरी माझे मालक, म्हणजे नवरा, मुरडत नाहीत, कारण ते गलाईवाले आहेत. आमच्या सांगलीकडची, विटा-आटपाडीची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला पांगलेली आहेत, त्यातलेच हे एक. सराफांच्या दुकानातला केर, पायपुसणी, हात धुतलेलं पाणीसुद्धा हे लोक विकत घेतात आणि जाळून, गाळून त्यातून सोन्याचा कण काढतात. पहिल्या दिवशी मी घाबरत घाबरत माझं काम सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग आपल्या दोघांचा धंदा एकच की."

माझी शाळा आठवीत सुटली. लग्न होऊन इथे आले तेव्हा एसटीच्या खिडकीतून दिवसभर नुसती माती बदलताना पाहिली आणि रडले. इथली भाषाही नीट कळायची नाही. शेजारीण विचारायची, "काय करून राह्यली व?" तर मला वाटायचं, माझ्या राहण्याबद्दलच काहीतरी विचारतेय. आता मीच कधी कधी तसं बोलते आणि माहेरी फोनवर भावजया हसतात. या लेखातल्या चुका लेकीनं काढल्यात. राहिल्या असतील त्या माझ्या.

ही लेक लग्नानंतर नऊ वर्षांनी झाली, त्याच इंजेक्शनवर. तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं सहज विचारलं होतं, "हे कायचं बनते माहीत आहे का तुमाले?" आणि सांगितलं होतं. मी घरी आले आणि विचार करत बसले की कुणाकुणाच्या मोरीतून, कुठल्या कुठल्या गावांतून थेंब थेंब माझ्यापर्यंत आलं असेल. त्या बायकांना मी कुठे शोधणार? लेक अंगणवाडीत जायला लागली आणि केंद्रावर बाई पाहिजे असं कळलं, तेव्हा मी कुणाला न विचारता जाऊन उभी राहिले.

केंद्रावर प्रमोदभाऊ असतात. पट्टी बुडवून डबे तपासणं हे त्यांचं काम. त्यांनी मला जे शिकवलं ते मी इथे माझ्या भाषेत सांगते. गर्भ पिशवीत रुजला की तो पहिल्यांदा आईच्या अंगाला निरोप धाडतो: मी आलोय, पाळी आणू नकोस. हा निरोप म्हणजे एक हार्मोन. जिथून बीज सुटलं, तिथे एक पिवळी गाठ उरलेली असते. एरवी ती चौदा दिवसांत सुकते आणि पाळी येते. पण निरोप पोचला की ती गाठ जिवंत राहते आणि पिशवी सांभाळणारं दुसरं हार्मोन पाझरत राहते. पुढे वार तयार झाली की ते काम वारच करते. मग निरोपाची एवढी गरज उरत नाही आणि तो फिका पडत जातो. म्हणून दुसरा आणि तिसरा महिना आमच्या कामाचे. चौथा लागला की डबा बंद.

आता अडचण बघा. आपल्याकडे तीन महिने भरेपर्यंत दिवस गेल्याचं कुणी सांगत नाही. सासरचे सांगत नाहीत, माहेरी कळवत नाहीत, शेजारच्या घराला तर वासही लागू देत नाहीत. आणि मला नेमकी तीच बाई पाहिजे असते. डबा दारात दिसला तर अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून माझे डबे तुळशीमागे, कूलरखाली, मोडक्या मशीनच्या पोटात असे लपलेले असतात. नवऱ्याच्या आधी मला कळलेलं आहे, असंही दोनदा झालंय.

आणि ज्या दिवशी ती बाई जगाला सांगायला मोकळी होते, त्या दिवसापासून माझं तिथे काही काम राहत नाही. मी ओटीभरणाला नसते, बारशाला नसते. गेले तर लोक विचारतील, ही फिनाईलवाली इथे कशी? बाजारात एखादी कडेवर पोर घेऊन समोर येते, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करते आणि पुढे जाते. मला राग येत नाही. फक्त त्या पोराचं तोंड नीट बघायला मिळावं असं वाटतं, आणि ते कधी मिळत नाही.

हसण्यासारखंही पुष्कळ झालं. दत्तचौकाकडे ठोसर काकू म्हणून होत्या. घरात तीन पिढ्या कचेरीतल्या नोकऱ्या, सगळं लेखी आणि टापटीप. सुनेचा डबा त्या स्वतः फडक्यात गुंडाळून द्यायच्या. एक दिवस प्रमोदभाऊ म्हणाले, "या डब्याचा वास वेगळा येऊन राह्यला हो." दुसऱ्या दिवशी मी काकूंना विचारलं.

"दोन चमचे गोमूत्र घातलं मी त्यात," काकू म्हणाल्या. "औषधाला जातंय ना? मग शुद्ध करून नको का द्यायला?"

"काकू, कंपनीला अशुद्धच पाहिजे."

"मग आधी सांगायचं की! आठ दिवस घालतेय मी."

आठ डबे फुकट गेले. पुढे प्रमोदभाऊंनी यादीत त्यांच्या नावापुढे 'गोमूत्र काकू' असंच लिहून ठेवलं.

पण ज्यासाठी मी लिहायला बसले ती गोष्ट दारव्हा रोडवरच्या तांड्यातली आहे. हमरस्त्यावरून आत, कपाशी आणि तुरीच्या शेतांमध्ये पाऊणशे घरांची बंजारा वस्ती. तिथे माझे आठ डबे होते. सक्रीबाई म्हणून एक म्हातारी तिथली कर्ती. तिची सून वंदना. वंदनाची आधीची दोन पोटं गेली होती, हे मला दुसऱ्या घरातून कळलं होतं.

जूनमध्ये सक्रीबाईनं स्वतः मला बोलावलं. कोंबड्यांच्या डालग्यामागे डबा ठेवायची जागा दाखवली. वंदना ओट्यावर खाली मान घालून गहू निवडत होती.

"मावशी, कितवा?" मी विचारलं.

"दुसरा," सक्रीबाई म्हणाली. "आत्ताच लागला."

मी वहीत 'दुसरा' लिहिलं. तारीख विचारली नाही, आणि जिचं पोट तिला तर मुळीच विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या कामात माझी सगळ्यात मोठी चूक ही.

चार आठवडे डबा बरा होता. मग एका सकाळी प्रमोदभाऊंनी पट्टी उजेडात धरली. लघवी पाण्यात पातळ करून लावायची आणि रेघेत किती दम आहे ते बघायचं, अशी त्यांची पद्धत. म्हणाले, "फिकी आहे. उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी आणखी फिकी. त्यांनी नाव खोडलं. "तिसऱ्यात एवढी उतरत नाही, वहिनी. गेलं असन. डबा उचलू नका आता. आणि तिले काही सांगू नका, आपण काही डॉक्टर नाही."

नियम तसाच आहे. बाईला पट्टीचं काही सांगायचं नाही. पण डबा उचलणं बंद केलं तर सक्रीबाईला कळणार, वंदनाला कळणार. त्यापेक्षा मी उचलत राहिले. सहा दिवस मी वंदनाचा डबा नेला आणि तांड्याच्या फाट्यावरच्या पुलाखाली ओतला. सहा दिवस वंदनानं डालग्यामागून मला बघितलं आणि जरा हसली. पोट गेलेलं असून ती हसतेय, असं मला वाटायचं. जेवण जाईना. लेक म्हणाली, "आई, तुला कुणी काही बोललं का?"

सातव्या दिवशी वंदना मला शेतात दिसली, निंदणाला, एकटी. मी गाडी बांधावर लावली.

"वंदना, एकदा दवाखान्यात दाखवून घे गं."

"काहून ताई?"

तिनं खुरपं खाली ठेवलं.

"काहून म्हणून राह्यली तुम्ही? काय निंगालं?"

"पट्टी फिकी आली," मी म्हटलं.

ती ओरडली नाही की रडली नाही. कपाशीच्या दोन ओळींमध्ये हळूच खाली बसली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. मी तिला उठवायला गेले तर म्हणाली, "हलवू नका मले."

सक्रीबाईला बोलवावं लागलं. ऑटोतून आम्ही तिघी यवतमाळच्या दवाखान्यात आलो. सगळा तांडा रस्त्याला उभा राहून बघत होता. सोनोग्राफीच्या खोलीत वंदनाबरोबर सक्रीबाई गेली. मी बाहेर बाकड्यावर बसून नखं खात राहिले. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई दारात आल्या.

"कोण म्हणालं गेलं म्हणून? ठोके छान आहेत. सोळा आठवडे झालेत."

सोळा आठवडे म्हणजे चौथा. मी वहीत तिसराही पुरा लिहिला नव्हता.

मी त्यांच्यामागून बाहेर आलेल्या सक्रीबाईकडे बघितलं. ती माझ्या नजरेला नजर न देता म्हणाली, "दीड महिना कमी सांगतला होता म्या. खरा आकडा सांगतला का नजर लागते. आमच्यात सगळ्याच असं सांगतेत." मग एकदम चढ्या आवाजात, "तुमाले काय ठाव, मी किती जपून ठेवलं होतं थे! आन तुम्ही शेतात गाठून तिले सांगतलं! किती शिकेल हा व तुम्ही?"

"आठवी," मी म्हटलं.

"मंग?"

पट्टी बरोबर होती, पोटही बरोबर होतं. ज्या वेळी निरोप फिका पडायला पाहिजे त्याच वेळी पडला होता. चुकीचं होतं ते वहीतलं, आणि माझं बोलणं. दुसऱ्या दिवसापासून तांड्यातले आठही डबे बंद झाले. "डबा आणू नोको," एवढाच सांगावा आला.

त्यानंतर रोज सकाळी मी तो फाटा ओलांडून पुढे जायची. बोरी अरबकडच्या गावांत नवे डबे मिळाले, काम थांबलं नाही. पण फाटा आला की गाडी आपोआप हळू व्हायची. आता पाचवा असेल. आता सातवा. काही वाईट झालं असेल का? पिंपळाखाली तांड्याच्या बायका एसटीची वाट बघत असायच्या. विचारायची हिंमत झाली नाही. पोळा गेला, दिवाळी गेली, कपाशीचा पहिला वेचा झाला. माझ्या वहीतल्या खोडलेल्या नावाखाली मी पेन्सिलीनं चार काड्या मारल्या होत्या आणि पुढे दर महिन्याला एक वाढवत होते. नववी काडी मारली आणि वही मिटून ठेवली.

डिसेंबरात एका पहाटे मी अंघोळ करून बाहेर आले, तर दारात सक्रीबाई. डोक्यावरून पदर, पायात चप्पल नाही.

"चाला," ती म्हणाली.

"काय झालं मावशी?"

"पोरगी झाली. परवा. दोघी बऱ्या हायेत." मी चपला पायात सरकवल्या. "दूध नाही येऊन राह्यलं. लेकरू चोखते, चोखते आन रडते. सिस्टर म्हनते वंदना भेली हाय. कायले भेली? तुमच्याच बोलन्यानं. तवापासून तिनं एक दिवस पोटावरचा हात नाही काढला. तुमीच घातलं हे भेव, तुमीच काढा."

दवाखान्याच्या वॉर्डात वंदना भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोर तिच्या सासूच्या लुगड्यात गुंडाळलेलं, लालबुंद, मूठ तोंडात. इतक्या वर्षांत माझ्या डब्यातलं एकही पोर मी इतक्या जवळून बघितलं नव्हतं.

सिस्टरनं मला बाजूला नेऊन सांगितलं. पोटात बाळ असेपर्यंत दुधाची तयारी होते, पण पिशवी सांभाळणारं हार्मोन दूध थोपवून धरतं. वार पडली की ते उतरतं आणि दोन-तीन दिवसांत दूध भरतं. वंदनाचं भरलं होतं, छाती दगडासारखी झाली होती. पण भरणं वेगळं आणि सुटणं वेगळं. बाळ चोखतं तेव्हा आईच्या डोक्यातून दुसरं हार्मोन सुटतं, ते दूध पुढे ढकलतं, त्यालाच आपण पान्हा म्हणतो. आई घाबरलेली असली, धसक्यात असली की तो अडतो. "सुई नाही याला," सिस्टर म्हणाली. "बसा तिच्याजवळ. शेका, पाठ चोळा. आणि बोला."

मी बसले. गरम फडक्यानं शेक दिला, पाठ चोळली. बोलायचं तर काय बोलणार?

"वंदना, माझं चुकलं."

ती भिंतीकडेच बघत होती. "ताई, तुमचं काही चुकलं नाही. पन थे फिकी म्हनलं ना तुम्ही, थे जातच नाही मनातून. मले वाटते, आतासुद्धा कोनीतरी येईन आन काहीतरी सांगन."

"कोणी येणार नाही. ही बघ, आहे ना समोर?"

"हाव, हाय," ती म्हणाली. पण पोरीकडे बघेना.

आम्ही पोरीला लावलं. तिनं दोनदा ओढलं आणि किंचाळून सोडून दिलं. पलीकडच्या खाटेशी बसलेली म्हातारी म्हणाली, "पहिल्या बाळंतपनात आई पाहिजे व जवळ."

"आई कुठं आहे तुझी?" मी विचारलं.

"ऊसतोडीले. दसऱ्यानंतरच गेली. सांगलीकडे कुठीतरी. इट्याच्या पुढं म्हनते."

इटं म्हणजे आमचं विटा. या पोरीची आई माझ्या मुलखात होती, आणि मी तिच्या मुलखात तिच्या जागेवर बसले होते.

"फोन?"

"मुकादमाचा हाय. झाल्यावर निरोप देला. बोलनं नाही झालं. थे फडात असते, मुकादम फोन देत नाही."

मी नंबर लावला. मुकादम आधी गुरकावला, "काम चालू हाय." मग मी आमच्या भाषेत सुरू झाले. "अवो दादा, मी हितलीच हाय, आटपाडीची. बाळंतिणीचा फोन हाय, पाच मिनिटं द्या की त्या बाईला. काय लय मागतीय का मी?" आपल्याकडच्या बाईचा आवाज ऐकून तो गडबडला असावा. हाका मारल्याचं ऐकू आलं, पाचटावरून कुणीतरी चालत आल्याचं ऐकू आलं. मी फोन मोठ्या आवाजावर करून वंदनाच्या उशीशी धरला.

"याडी," वंदना म्हणाली. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. पुढचं मला काहीच कळलं नाही. आई बोलत होती, पोरगी ऐकत होती. मध्येच आईनं काहीतरी विचारलं आणि वंदना या कुशीवर वळली, पोरीला उचलून तिच्या नाकाकडे, कानाकडे बघत एकेक सांगू लागली. कुणासारखं काय आहे ते सांगत असावी. सांगता सांगता रडायला लागली, आणि रडताना हसायला.

सक्रीबाईनं न बोलता पोरीचं तोंड लावून दिलं. पोरीनं ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं, आणि एकदम ठसका लागून सोडलं. दूध तिच्या गालावरून मानेत गेलं. दुसऱ्या बाजूचं झंपर आपोआप भिजत होतं.

"आता रडू नको व," सक्रीबाई पदरानं पोरीचा गाल पुसत म्हणाली. "लेकराले खारट लागन."

फोन माझ्या हातात चालूच होता. "काय झालं? कोनी बोला ना व!" आई तिकडून ओरडत होती. या दोघींना काही ऐकू येत नव्हतं. मी फोन घेऊन व्हरांड्यात आले.

"दूध आलं," मी म्हटलं. "लेकरू पितंय."

पलीकडून कोयत्यांचे आवाज येत होते. मग तिनं बायकांना हाक मारून सांगितलं आणि कोयते थांबले.

"तुमी कोन व बाई?" तिनं विचारलं. "कोन्त्या गावच्या?"

"आटपाडीकडची."

"मंग तुमी इकडच्याच की व!"

"हो," मी म्हटलं. "तिथनं डोंगर दिसतो का? आमच्या दारातनं दिसायचा. वर देऊळ आहे?"

"दिसते ना. खाली मेंढरं बसून हायेत."

"ऊन आलंय त्याच्यावर?"

"आत्ताच येऊन राह्यलं."

"मुकादमाला सांगा, मी विनंती केलीय," मी म्हटलं. "लगेच ठेवू नका फोन."